बेसूर चालेल, गैरहजर नको

"काकू, तुम्ही नुसते टाळ धरा आणि ओठ हलवा. आवाज नका काढू."

तालुक्याची भजन स्पर्धा आठवड्यावर आली होती, तेव्हा आमच्या मंडळातल्या एका ज्येष्ठ काकूंना मी हे सांगितलं होतं. मंडळाची सेक्रेटरी मीच, त्यामुळे वाईटपणाची कामंही माझ्याकडेच. काकूंचा आवाज वरच्या पट्टीत फाटायचा आणि सगळ्यांचा सूर ढळायचा. काकू हसल्या, "बरं गं बाई" म्हणाल्या. स्पर्धेत आमचा दुसरा नंबर आला. त्यानंतर मात्र काकू मंडळात फिरकल्या नाहीत. 'गुडघे दुखतात' असा निरोप आला. मी तो खरा मानला, कारण खरा मानणं सोयीचं होतं.

ही गोष्ट मनात टोचली ती पार सातासमुद्रापलीकडे. २०२३ साली धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी मी अमेरिकेतल्या केंटकी राज्यात तीन महिने होते. आईच्या तब्येतीमुळे तिला प्रवास झेपणार नव्हता, म्हणून मी गेले. गाव छोटं, मागे अ‍ॅपालेचियन डोंगरांच्या रांगा. बाळ झोपलं की घरात इतकी शांतता, की मला आपल्याकडच्या कुकरच्या शिट्ट्या आठवायच्या! शेवटी बहीणच म्हणाली, "ताई, दर मंगळवारी लायब्ररीत बायका जमून काहीतरी वाजवतात. तू जाऊन तर बघ."

गेले. पंधरावीस जण गोल करून बसलेले. बहुतेक साठी ओलांडलेल्या बायका, दोनतीन पुरुष. प्रत्येकाच्या मांडीवर एक लांबट, कमरेत बारीक अशी लाकडी पेटी. हे माउंटन डलसिमर. (डलसिमर म्हटलं की कुणाला संतूर आठवेल. काड्यांनी वाजवायचं ते डलसिमर वेगळं.) याला तीन किंवा चार तारा. एका तारेवर गाण्याची चाल वाजवायची, बाकीच्या तारा तंबोऱ्यासारख्या घुमत राहतात. मला तर नवलच वाटलं, कारण हल्ली पुष्कळजण या तारा लावतात त्या आपल्या भाषेत सा-प-सा अशाच! पडदेही सगळ्या बारा स्वरांचे नसतात, साध्या चालीला लागतात तेवढेच. त्यामुळे नवशिक्याचं बोट चुकीच्या सुरावर पडायला जागाच कमी.

मी दाराजवळच्या खुर्चीवर अंग चोरून बसले. शेजारच्या आजींनी काही न विचारता एक जास्तीचं डलसिमर माझ्या मांडीवर ठेवलं. "मला येत नाही," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "येण्याची गरजच नाही. डाव्या हाताने काही करू नकोस. उजव्याने मोकळ्या तारा छेडत राहा, आमच्याबरोबर."

कोबी शिजवण्यावरचं एक जुनं गाणं सुरू झालं. तिथे नवशिक्यांना पहिल्यांदा तेच शिकवतात. मी आपली मोकळ्या तारा छेडत होते, आणि खरं सांगते, ते बेसूर लागत नव्हतं! सगळ्यांच्या चालीखाली माझा षड्ज-पंचम घुमत होता. आयुष्यात कधी तंतुवाद्याला हात न लावलेली मी पहिल्या पाच मिनिटांत त्या गोलातली एक झाले होते.

त्या वाद्याचा इतिहासही असाच साध्या माणसांचा. जर्मन लोकांनी अमेरिकेत येताना आपलं एक लांबट तंतुवाद्य आणलं होतं. त्यावरून डोंगरातल्या लोकांनी घरच्या लाकडात हे घडवलं, असं मानतात. केंटकीतले जेम्स एडवर्ड थॉमस १८७१ पासून डलसिमर बनवत आणि हातगाडीवर घालून डोंगरातल्या गावांत विकत फिरत. आपल्याकडे बोहारीण दारावर यायची ना, तसंच.

मला सगळ्यांत जवळची वाटली ती जीन रिची. तिचा जन्म १९२२ मधला, केंटकीतल्याच व्हायपर गावचा. चौदा भावंडांत ही शेंडेफळ. वडिलांच्या डलसिमरला हात लावायची मुलांना बंदी होती. चारपाच वर्षांच्या जीनने तो गुपचूप घेऊन एक चाल वाजवून पाहिली. पुढे तिने समाजकार्याची पदवी घेतली आणि न्यूयॉर्कमध्ये गरीब वस्तीतल्या मुलांसाठी काम केलं. त्या मुलांना ती आपल्या डोंगरातली गाणी आणि खेळ शिकवायची. डलसिमर देशभर पोचवण्यात तिचा वाटा फार मोठा. २०१५ मध्ये ती गेली. समाजकार्य म्हणजे फक्त शिबिरं आणि वाटप असं धरून चालणाऱ्या माझ्यासारखीला हे वाचून थोडं वरमायला झालं. चारजणींना गोल करून गायला बसवणं हेही समाजकार्यच की!

पुढे मी दर मंगळवारी जाऊ लागले. एकीचा हात संधिवाताने आखडलेला, ती फक्त एका बोटाने वाजवायची. एकीला चाल लक्षात राहत नसे, ती निम्म्यातून शिरायची. पण चाल ठेवायची ती सगळ्यांना झेपेल इतकी संथ. मधल्या काळात एकजण पडून घरीच होती. तर त्या दिवशी कार्यक्रम आटोपता घेऊन तिघीजणी आपापले डलसिमर आणि सुपाचं भांडं घेऊन तिच्या घरी निघाल्या. मीही गेले. तिच्या पलंगाभोवती बसून त्याच चाली वाजवल्या. मी आजींना विचारलं, "कोणी फारच चुकीचं वाजवलं तर काय करता?" त्या म्हणाल्या, "जरा जोरात वाजवतो! पण ती आली नाही, तर आम्हाला काय करावं सुचत नाही."

त्या रात्री मला काकू आठवल्या. झोप लागली नाही.

आता कोणी म्हणेल, मग सुराला काही किंमतच नाही का? आहे. त्या गोलातही दोघीतिघी फार सुरेख वाजवायच्या, आणि त्यांच्या एकटीच्या वाजवण्याला सगळे हात थांबवून ऐकायचे. स्पर्धांच्या विरोधातही मी नाही. स्पर्धेमुळे कितीतरी बायका घराबाहेर पडल्या, माइकसमोर उभ्या राहिल्या. पण गेल्या काही वर्षांत आपल्या मंडळांत एकसारख्या साड्या, परीक्षक, ढाल हेच मोठं झालं. मंडळ मुळात कशासाठी होतं? आठवड्यातून दोन तास सून, सासू, विधवा, बिनमुलांची हे सगळं उंबऱ्याबाहेर ठेवून नुसतं 'आपण' असण्यासाठी. जिला घरात मोठ्याने बोलायची सोय नाही, तिलाही इथे मोठ्याने गाता यावं म्हणून. तिलाच आपण ओठ हलवायला सांगितलं, तर आपल्यात आणि तिच्या घरात फरक काय राहिला?

परत आल्यावर पहिल्या आठवड्यात मी काकूंकडे गेले. चहा झाला. शेवटी धीर करून विचारलं, "काकू, गुडघे कसे आहेत?"

"गुडघ्यांना काय धाड भरलीय?" त्या म्हणाल्या. मग दोघीही गप्प. मी माफी मागितली, जमली तशी. त्या बराच वेळ पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "आवाज तसाच आहे हं माझा."

"तसाच आणा," मी म्हटलं.

मंडळात यावरून वाद झाले, नाही असं नाही. दोघी माझ्यावर रागावल्या, एक तर अजून धड बोलत नाही. तोडगा असा निघाला की स्पर्धेसाठी हौशी आठजणींचा वेगळा सराव होईल आणि गुरुवारचं भजन सगळ्यांचं राहील. काकू येतात. वरच्या पट्टीत आवाज अजूनही फाटतो. तेव्हा आम्ही टाळ जरा जोरात वाजवतो.

मैत्रिणींनो, तुमच्याही मंडळात हल्ली कोणाचे गुडघे दुखायला लागलेत का? निरोपावर विसंबू नका. एकदा घरी जाऊन विचारा.