मंडपातील यंत्र आणि श्रवणभक्ती

भाद्रपदातील गणेशचतुर्थीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतचा काळ हा आपल्या वऱ्हाडाचा उत्सवकाळ होय. अकोल्यास मानाचा बाराभाई गणपती, अमरावतीस अंबादेवी व एकवीरादेवी यांच्या दर्शनासाठी नवरात्रात लागणारी भाविकांची रीघ, गावोगावची भजने आणि कीर्तने यांनी हे दिवस गजबजून जातात. या सर्व मंगल कार्यांत एक पाहुणा हल्ली मूर्तीच्याही आधी मंडपात येऊन बसतो, तो म्हणजे ध्वनिवर्धक. मूर्ती कोणत्या दिशेस मुख करून बसवावी याचा आपण विचार करतो. घटाखालची माती, समईतील तेल, नैवेद्याचे पान यांतही चूक होऊ देत नाही. मात्र ज्या यंत्राच्या द्वारे देवाचे नाव शेकडो कानांपर्यंत जावयाचे, ते कसे मांडावे याचा विचार आपण भाड्याने यंत्र आणणाऱ्यावर सोपवून मोकळे होतो. ही उपेक्षा आता थांबली पाहिजे, असे आम्हांस वाटते.

नवविधा भक्तीत पहिले स्थान श्रवणास आहे आणि कीर्तनास दुसरे, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. आधी ऐकावे, मग गावे, असा हा क्रम आहे. याचा सरळ अर्थ असा की, ज्या कीर्तनातील शब्द शेवटच्या रांगेत बसलेल्या आजीबाईंस कळत नाही, ते कीर्तन तेवढ्यापुरते अपुरे राहिले. आवाज मोठा झाला म्हणजे श्रवण घडले असे नव्हे. मंडपातील यंत्र हे श्रवणाचे साधन आहे. ते गर्जनेचे साधन झाले की पहिल्या भक्तीचाच मार्ग अडतो.

या बाबतीत वऱ्हाडावर विशेष जबाबदारी आहे. श्रीसंत गाडगेबाबा याच अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचे. १८७६ साली त्यांचा जन्म झाला आणि २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावनजीक पेढी नदीच्या परिसरात त्यांनी देह ठेवला. दिवसा हाती खराटा घेऊन गाव झाडावयाचे आणि रात्री त्याच गावात कीर्तनास उभे राहावयाचे, हा त्यांचा क्रम होता. त्यांच्या कीर्तनाचा सारा जीव प्रश्नोत्तरांत होता. बाबा साध्या वऱ्हाडी बोलीत समोरच्या माणसांस विचारीत, माणसे उत्तर देत, आणि त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघे. म्हणजे श्रोत्यांस वक्ता ऐकू येणे जेवढे आवश्यक, तेवढेच वक्त्यास श्रोते ऐकू येणेही आवश्यक होते. आज ज्या मंडपात कीर्तनकाराच्या दोन्ही बाजूंस पुरुषभर उंचीच्या पेट्या रचलेल्या असतात, तेथे समोरून आलेला हुंकार त्याच्या कानी पडेल काय? तेथे संवाद संपतो व एकतर्फी मारा सुरू होतो.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचेही तसेच. १९०९ साली यावली येथे जन्मलेल्या या सत्पुरुषाचे मुख्य वाद्य खंजिरी! हातात मावेल एवढे ते चामड्याचे वाद्य त्यांच्या वाणीस कधी झाकीत नसे. शब्द पुढे आणि ताल त्याच्या मागे, असाच त्यांचा भजनाचा बाज होता. प्रचंड जनसमुदाय त्यांनी त्या बळावर जागा केला.

आता काळ बदलला आहे. भक्तिगीतांच्या मंचावर पेटी, तबला व टाळ यांच्या जोडीस कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि विजेची गिटार आली आहे. यावर नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. आम्ही त्यांतले नव्हे. आपली पेटीसुद्धा परदेशातूनच आली आणि देवघरात रुळली. वाद्य कोणत्या देशाचे हा प्रश्न गौण असून ते शब्दाची सेवा करते की त्यावर स्वार होते, हा खरा प्रश्न आहे.

विजेच्या गिटारीचा जन्मच मुळी नम्रतेतून झाला आहे. १९३० च्या सुमारास अमेरिकेतील मोठ्या वाद्यवृंदांत पितळी वाद्यांपुढे गिटारीचा नाजूक स्वर कोणास ऐकूच येत नसे. तेव्हा तारांखाली लोहचुंबक व तांब्याच्या तारेचे वेटोळे बसवून, तारेच्या कंपनातून निघणारा क्षीण विद्युतप्रवाह ॲम्प्लिफायरने वाढविण्याची युक्ती निघाली. पुढे या यंत्रांत ज्याचे नाव गाजले, तो लिओ फेंडर १९३८ पासून कॅलिफोर्नियात रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवीत होता. दुबळ्या स्वरास इतरांच्या बरोबरीने बसावयास जागा मिळावी, एवढाच या यंत्राचा मूळ हेतू. ज्याचा जन्म दुबळ्याच्या कैवारासाठी झाला, त्यानेच गायकाचा कंठ दाबावा, हा केवढा विपर्यास!

दोष यंत्राकडे नाही, तो मांडणीत आहे. गिटारवाल्याची पेटी बहुधा त्याच्या पायांशी, जमिनीवर, तोंड श्रोत्यांकडे करून ठेवलेली असते. अशा पेटीतून निघणारे तीक्ष्ण स्वर विजेरीच्या झोताप्रमाणे सरळ रेषेत जातात. वाजविणारा हातभर अंतरावर उभा असतो. झोत त्याच्या पोटऱ्यांवरून निघून जातो आणि कानास फक्त घुमारा ऐकू येतो. आपला स्वर उठत नाही असे वाटून तो बटण पिळतो, आणि ती धार पुढे सतरंजीवर बसलेल्या बायकामुलांच्या कानांत शिरते. याचा उपाय फुकटाचा आहे. पेटी एका स्टुलावर ठेवावी, अथवा मागे कलती करून तिचे तोंड वाजविणाऱ्याच्या कानाकडे करावे. शक्य तर ती मंचाच्या बाजूस ठेवून आडवी वळवावी. तिचा आवाज त्याला स्वतःला ऐकू येण्यापुरताच असावा. मंडपास जे ऐकवावयाचे, ते तिच्यापुढे माईक ठेवून मुख्य यंत्रातून, तबल्या-पेटीच्या मापाने द्यावे.

बटणे लावण्याचाही क्रम आहे. प्रथम केवळ गायकाचा किंवा कीर्तनकाराचा माईक सुरू करावा आणि बोललेले वाक्य शेवटच्या रांगेत स्पष्ट कळते की नाही ते पाहावे. मग टाळ-मृदंग अथवा तबला, त्यानंतर पेटी, आणि सर्वांत शेवटी गिटार व कीबोर्ड. नवे वाद्य मिसळताच शब्द अस्पष्ट झाला, तर गायकाचा आवाज वाढवू नये. वाद्याचा कमी करावा. आपल्या व्यंजनांची स्पष्टता साधारणपणे सेकंदास दोन ते चार हजार कंपनांच्या पट्ट्यात असते. नेमक्या याच पट्ट्यात गिटारीची धार चढविली, तर आवाज भरपूर ऐकू येतो आणि अभंग मात्र कळत नाही. निरूपण चालू असता माईकवरील प्रतिध्वनीचे बटणही बंद असावे. गाण्यास थोडी गोडी देणारा तो घुमारा बोलण्याचा चिखल करतो.

माईक शिट्टी मारू लागला की मंडळी घाबरून पेट्या हलवितात. शिट्टीचे कारण सोपे आहे: कर्ण्यातून निघालेला आवाज माईकमध्ये शिरतो, पुन्हा वाढतो, पुन्हा शिरतो. म्हणून मुख्य पेट्या नेहमी माईकच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूस असाव्यात, आणि गायकाने माईक तोंडाजवळ धरावा. तोंड व माईक यांतील अंतर निम्मे केले की माईकला मिळणारा आवाज सुमारे सहा डेसिबलने वाढतो. त्यासाठी एक पैसाही पडत नाही.

याउलट पैसे ओतून काय मिळते ते पाहा. शंभर वॅटचे यंत्र काढून दोनशे वॅटचे लावले, तर वाढ होते अवघी तीन डेसिबलची, म्हणजे जेमतेम जाणवेल एवढी. कानास आवाज दुप्पट वाटावा यासाठी सुमारे दहापट शक्ती लागते. तेव्हा शेजारच्या मंडळाने दुप्पट मोठे यंत्र आणले म्हणून आपणही आणावयाचे, ही चढाओढ वर्गणीदारांच्या पैशाची धूळधाण आहे. गल्लीभर खांबांवर कर्णे बांधण्याची हौसही तशीच. ध्वनी सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो. ६८ मीटर अंतरावरच्या खांबाखाली जो उभा आहे, त्याला डोक्यावरच्या कर्ण्यातला शब्द तत्काळ आणि मंचाकडचा तोच शब्द एकपंचमांश सेकंद उशिरा ऐकू येतो. एका शब्दावर दुसरा चढतो आणि नामाचा नुसता कल्लोळ उरतो. त्यापेक्षा श्रोते जेथे बसतात तेथेच लहान पेट्या, बेताच्या आवाजात लावणे शहाणपणाचे. नव्या यंत्रांत दूरच्या पेटीचा आवाज तेवढाच उशिरा सोडण्याची सोयही असते; ती मागून घ्यावी.

एक गोष्ट प्राणांशी संबंधित आहे, म्हणून ती स्पष्ट सांगतो. गिटारवाल्याचे बोट तारेवर आणि ओठ माईकजवळ असतात. दोन यंत्रांस वेगवेगळ्या ठिकाणची वीज असेल आणि एकाची अर्थिंग तुटलेली असेल, तर विजेचा मार्ग त्या मुलाच्या शरीरातून जाऊ शकतो. त्यात भाद्रपदातील पाऊस व ओली सतरंजी! घरघर थांबावी म्हणून अर्थिंगची तार कापणाऱ्यास मंचाजवळ उभे करू नये. मंचावरील सर्व यंत्रांस एकाच, अर्थिंग तपासलेल्या बोर्डातून वीज द्यावी, त्यावर गळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण बसवावे, आणि उघडझाप करणाऱ्या रोषणाईची लाईन वेगळी ठेवावी. घरघरीचे मूळ पुष्कळदा त्या रोषणाईतच असते.

आता कायद्याविषयी दोन शब्द. ध्वनिप्रदूषणाविषयीचे नियम २००० साली आले. त्यांनुसार निवासी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि सणांसाठी मध्यरात्रीपर्यंतची सवलत वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस देण्याचा अधिकार राज्यास आहे. कित्येकांस हे नियम धर्मावरील अडथळा वाटतात. आम्ही असे विचारतो की, शेजारच्या माडीवर तापाने फणफणलेले मूल किंवा हृदयविकाराने अंथरुणास खिळलेला वृद्ध यांच्या छातीत धडकी भरवून कोणते दैवत प्रसन्न होणार आहे? परपीडा हे पाप, ही शिकवण आपणांस कोणत्याही सरकारने दिलेली नाही. ती संतांनी दिली आहे. कायदा फार उशिरा आला, एवढेच.

तरुण कार्यकर्ते म्हणतात, आवाज मोठा नसेल तर गर्दी जमत नाही, उत्साह येत नाही. त्यांच्या तळमळीविषयी आम्हांस शंका नाही. त्यांनी श्रावणातील शेवटच्या सोमवारी अकोल्यास जाऊन पाहावे. गांधीग्रामला पूर्णेचे जल भरून, खांद्यावर कावड घेऊन, अनवाणी पायांनी राजराजेश्वराच्या अभिषेकास निघालेल्या शिवभक्तांच्या मुखातून जो महादेवाचा गजर उठतो, त्याला कोणती वायर लागते? उत्साह माणसांच्या कंठात असतो. यंत्राने तो वाढवावा, त्याची जागा घेऊ नये.

म्हणून प्रत्येक मंडळास आमची विनंती आहे. कार्यक्रमाच्या आधी तासभर वेळ केवळ ध्वनीच्या मांडणीसाठी राखून ठेवा. गाडगेबाबा कीर्तनाआधी गाव झाडीत. तुम्ही मंडपातील नको असलेला आवाज झाडून काढा. मंडळातील एका जाणत्या माणसास, शक्य तर एखाद्या वडीलधाऱ्या बाईंस, शेवटच्या रांगेत बसवा आणि त्यांचाच शब्द प्रमाण माना. ‘शब्द कळत नाही’ असे त्यांनी म्हटले की बटणावरचा हात खालीच गेला पाहिजे. मंचावर बसलेल्यास मंडपात काय ऐकू येते ते कधीच कळत नाही. तेव्हा वाजविणाऱ्या मुलांनीही यात कमीपणा मानू नये.

येत्या आश्विन वद्य पंचमीस गुरुकुंज मोझरी येथे राष्ट्रसंतांची पुण्यतिथी पाळली जाईल. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी त्यांनी देह ठेवला; दरवर्षी त्या क्षणी लाखोंचा समुदाय जागच्या जागी स्तब्ध उभा राहून मौन श्रद्धांजली वाहतो. ज्या वऱ्हाडास लाखो मुखांनी एकाच वेळी गप्प राहता येते, त्याला आपल्या मंडपातील एक बटण दोन अंशांनी खाली आणणे जड जाऊ नये.