बोटे बधिर होतात तेव्हा

व्हायोलिनच्या कुळातील, परंतु खर्जाचे वाद्य म्हणजे चेलो. सतारीप्रमाणे त्याला पडदे नसतात. सुराची अचूक जागा वादकाचे बोटच ओळखते. जॅकलिन द्यू प्रे या ब्रिटिश चेलोवादिकेने वयाच्या विसाव्या वर्षी, १९६५ मध्ये, एल्गारच्या कॉन्चेर्टोचे ध्वनिमुद्रण केले. रसिक आजही ते आदर्श मानतात.

१९७१ च्या सुमारास तिच्या बोटांची संवेदना मंदावू लागली. कधी बरे वाटे, कधी थकवा येई. प्रारंभी हा मानसिक ताणाचा परिणाम समजला गेला. १९७३ च्या आरंभी न्यूयॉर्कच्या मैफलींत तारा बोटांना जाणवेनात; बोट कुठे पडते हे तिला डोळ्यांनी पाहावे लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘मल्टिपल स्क्लेरॉसिस’चे निदान झाले. तेव्हा तिचे वय अवघे अठ्ठावीस होते. पुढे जमेल तोवर तिने विद्यार्थ्यांना शिकवले. १९८७ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, तिचे निधन झाले.

विजेच्या तारेवर वेष्टन असते, तसे मज्जातंतूंवर मायलिनचे आवरण असते. या विकारात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू व मज्जारज्जूतील या आवरणावर हल्ला करते आणि संदेशवहन अडखळते. लक्षणे काही दिवस वा आठवडे टिकून बहुधा ओसरतात. म्हणूनच घरच्यांना ते ‘मनाचे खेळ’ वाटतात. हा विकार तरुण वयात आणि स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. घरातील सुनेच्या वा लेकीच्या तक्रारीकडे दुर्लक्ष होण्याचे वयही नेमके हेच.

वाचकहो, हातपायांना मुंग्या आल्या की लगेच घाबरू नये. मधुमेह, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, मानेचे वा मनगटाचे दुखणे ही कारणे कितीतरी अधिक आढळतात. मात्र बधिरपणा चोवीस तासांहून अधिक टिकला, एका डोळ्याची दृष्टी वेदनेसह अंधूक झाली, चालताना तोल जाऊ लागला, तर डॉक्टरांना अवश्य दाखवावे. लक्षण केव्हा आले, किती दिवस राहिले, केव्हा गेले, याची तारीखवार नोंद ठेवावी. लक्षण ओसरले तरी ती नोंद दाखवावी. निदानाचा धागा अनेकदा तिथेच सापडतो.

जॅकलिनचे निदान झाले तेव्हा एमआरआय तपासणी उपलब्ध नव्हती आणि विकाराचे झटके कमी करणारी औषधे १९९३ पासून मिळू लागली. विकार समूळ बरा होत नसला तरी लवकर उपचार सुरू झाल्यास पुढील हानी बरीच रोखता येते. तिला ही संधी लाभली नाही. आपल्या घरात कुणी ‘बोटांना काही कळत नाही’ म्हणाले, तर त्यावर आधी विश्वास ठेवावा.