‘करार’ आणि कृपा

मराठी बायबलाच्या दोन भागांस ‘जुना करार’ व ‘नवा करार’ म्हणतात. या एका शब्दावर बोट ठेवून आमचे कांहीं सुशिक्षित मित्र विचारतात कीं, करार मोडणारासच पुनः पुनः पदरांत घेणारा हा देव न्यायी कसा? आमच्या मतें हा प्रश्न धर्मग्रंथांतून निघालेला नसून १८७२ च्या करारविषयक कायद्यांतून निघालेला आहे. त्या कायद्यांत मोबदल्यावांचून करार सामान्यतः निरर्थक. एका पक्षानें वचन पाळण्याचें साफ नाकारलें कीं दुसऱ्यास करार संपविण्याची मुभा. कोर्टांत हें ठीक आहे. (मूळ अरबी शब्दांत ‘स्थैर्य’ हा अर्थ आहे, सौदा मागाहून चिकटला!)

उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायांत पशूंचे दोन दोन भाग करून समोरासमोर मांडले आहेत. त्यांमधून जाणें म्हणजे वचनभंग झाल्यास आपलीही हीच गत होवो, असें पत्करणें. पण अब्राम गाढ झोपेंत आहे! तुकड्यांमधून जाते ती धुमसती भट्टी व पेटती मशाल, म्हणजे देवाची खूण. शपथेचा भार एकट्या देवानें उचलला. मग माणसाच्या बेइमानीनें ती रद्द कशी व्हावी? सीनाय पर्वतापाशीं इस्राएलानेंही वचन दिलें, हें खरें. परंतु तें मोडल्यावर यिर्मयाच्या मुखानें नव्या कराराचें आश्वासन देणाराही देवच होता.

“मग पापास मोकळीकच झाली!” असें म्हणणारांनीं होशेय वाचावा. पंधरा शेकेल रुपें व दीड होमर जव मोजून त्यानें व्यभिचारिणी स्त्रीस, बहुधा आपल्या गोमरेसच, परत आणिलें. किंमत तिनें दिली नाहीं. पण ती कोणास तरी द्यावी लागलीच. शिवाय त्याच होशेयाच्या राष्ट्राची राजधानी शोमरोन इ. स. पूर्वी ७२२ च्या सुमारास अश्शूरांच्या हातीं पडली. कृपा म्हणजे सरसकट शिक्षामाफी असें मानणारांत देवळांतील पहिल्या बांकावर बसणारेही पुष्कळ आहेत; त्यांनीं हा इतिहास टाळूं नये.

नव्या कराराचा प्याला येशूनें ज्या रात्रीं शिष्यांपुढें केला, त्याच रात्रीं ते सारे पळाले, आणि कोंबडा आरवण्यापूर्वीं पेत्रानें त्यास तीनदां नाकारलें. हें असेंच घडणार, हें प्याला देणारास ठाऊक होतें. पेत्रास तसें त्यानें आधींच सांगितलेंही होतें. अशा पक्षकाराशीं करार करण्याची सल्ला आमच्या कायदेपंडित मित्रांनीं कोणास दिली असती?