आधी बोर्ड, मग बाकीचं!

‘पीसी अपग्रेड करायचाय’ असं ग्रुपवर कुणी टाकलं, की पहिला प्रश्न येतो, ‘प्रोसेसर कुठला?’ दुसरा, ‘ग्राफिक कार्ड?’ मग रॅम किती, कॅबिनेटला लाइट्स आहेत का, इथपर्यंत गाडी जाते. मदरबोर्डचं नाव निघतं ते सगळ्यात शेवटी, हिशेब जुळवताना. बाकी सगळं घेऊन जे पैसे उरतील, त्यात बसेल तो बोर्ड! दुकानदारही म्हणतो, ‘कुठलाही टाका, चालतंय सगळं.’

माझं मत नेमकं उलटं आहे. बोर्ड आधी ठरवा, बाकीचं मग. पीसी आज किती पळेल, हे प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड ठरवतं. पण तीन-चार वर्षांनी फक्त एक पार्ट बदलून भागेल की घरी पुन्हा सगळ्याच पैशांसाठी तोंड वेंगाडावं लागेल, हे बोर्ड ठरवतो.

उदाहरण घ्या. २०१७ मध्ये एएमडीचा पहिला रायझन आला. तेव्हा ज्यांनी एएम४ सॉकेटचा साधा बी३५० बोर्ड घेतला, त्यांच्यातल्या अनेकांना पाच वर्षांनी फक्त बायोस अपडेट करून त्याच बोर्डवर रायझन ५००० सीरिजचा प्रोसेसर बसवता आला. रॅम तीच, बोर्ड तोच. त्याच वर्षी, म्हणजे २०१७ च्या सुरुवातीला, इंटेलचा झेड२७० बोर्ड आला. तो तर वरच्या वर्गातला. पण ऑक्टोबरमध्ये आठव्या पिढीचे प्रोसेसर आले, तेव्हा सॉकेटचं नाव तेच, एलजीए ११५१, तरी ते त्या बोर्डवर चालेनात. वर्षही सरलं नाही आणि रस्ता बंद! महागडा बोर्ड म्हणजे टिकाऊ निर्णय, हा समज तिथेच खोटा ठरतो.

याचा अर्थ ‘एएमडीच घ्या’ असा नाही. इंटेलच्या एलजीए १७०० वर बारावी, तेरावी आणि चौदावी अशा तीन पिढ्या चालल्या. मुद्दा कंपनीचा नाही, वेळेचा आहे. सॉकेटच्या प्रवासात आपण सुरुवातीला चढतोय की शेवटच्या स्टॉपवर, हे विचारायला हवं. २०२४ मध्ये इंटेलने डेस्कटॉपसाठी कोअर अल्ट्रा आणले ते एलजीए १८५१ वर. म्हणजे १७०० चा बोर्ड आज घेतला, तर पुढची पिढी त्यावर बसणार नाही. एएमडीचा एएम५ २०२२ मध्ये आला आणि २०२७ पर्यंत तरी त्याला साथ देऊ, असं कंपनीने जाहीर केलंय. शेवटच्या स्टॉपवरचा बोर्ड स्वस्तात मिळत असेल, तर जरूर घ्या. फक्त तो शेवटचा स्टॉप आहे, हे माहीत असू द्या.

दुसरा प्रश्न रॅमचा. डीडीआर४ आणि डीडीआर५ यांची खाचच वेगळ्या जागी असते. एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसतच नाही. एएम५ वर फक्त डीडीआर५ चालते. एलजीए १७०० चे बोर्ड मात्र दोन्ही प्रकारांत मिळतात. बोर्ड बहुतेक वेळा एकाच प्रकारचा असतो, तेव्हा नाव नीट वाचून घ्या. घरी १६ जीबी डीडीआर४ पडलेली असेल, तर हा फरक थेट तुमच्या खिशाला लागतो. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव कसे भडकले, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

आता सगळ्यात धोकादायक सापळा. लॅमिंग्टन रोडपासून ऑनलाइन सेलपर्यंत सगळीकडे दिसतो, ‘आय७ कॉम्बो, एकदम स्वस्त!’ पिढी विचारा. पुष्कळदा तो तिसऱ्या पिढीचा, म्हणजे २०१२ चा आय७ असतो आणि सोबतचा ‘नवा’ बोर्ड एच६१ चिपसेटचा. हा चिपसेट २०११ चा. डीडीआर३ रॅम, साटाचा जुना संथ वेग आणि पुढे अपग्रेडला जागाच नाही. त्यात विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे चालायला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. टायपिंग आणि सिनेमासाठी तो कॉम्बो चालेलही. पण चार वर्षांच्या इंजिनीअरिंगसाठी तो घेणं म्हणजे पहिल्या दिवसापासून उधारीवर जगणं.

मग पैसे कशावर घालायचे? रॅमचे चार स्लॉट असतील तर उत्तम. एच६१० सारख्या एंट्री बोर्डवर दोनच मिळतात. एनव्हीएमई एसएसडीसाठी किमान एक, जमलं तर दोन एम.२ स्लॉट बघा. प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर, म्हणजे व्हीआरएमवर, हीटसिंक हवा. बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर सोन्याहून पिवळं. दुकानात पडून राहिलेला बोर्ड नवा प्रोसेसर ओळखत नसेल, तर त्या बटणाने प्रोसेसरशिवायही बायोस अपडेट होतं.

आणि कशावर घालायचे नाहीत? आरजीबी लाइट्सवर. बोर्डच्या नावातल्या ‘गेमिंग’ या शब्दावर. आणि ओव्हरक्लॉक न होणाऱ्या इंटेल प्रोसेसरखाली झेड सीरिजच्या बोर्डवर तर अजिबात नाही. बहुतेक विद्यार्थ्यांना बी सीरिजचा मधला बोर्ड पुरून उरतो.

‘एवढं बजेटच नाही’ म्हणणाऱ्यांनी तर आधी घरातला बोर्ड बघावा. विंडोजमध्ये ‘सिस्टम इन्फॉर्मेशन’ उघडलं की बोर्डचं नाव दिसतं. कंपनीच्या साइटवर त्याची प्रोसेसर सपोर्टची यादी असते. कदाचित एक बायोस अपडेट, एक सेकंडहँड प्रोसेसर आणि एक एसएसडी, एवढ्यावर काम भागेल. पीसी ब्रँडेड असेल तर आणखी एक तपासा. त्यातल्या अनेकांचे बोर्ड आणि पॉवर सप्लाय वेगळ्याच मापाचे असतात. साधा बोर्ड त्या डब्यात बसेलच असं नाही.

दुकानदाराचं ‘चालतंय सगळं’ आजपुरतं खरं असतं. त्याला फक्त एवढं विचारा, ‘अजून चार वर्षांनी यावर काय बसेल?’ उत्तर गुळमुळीत आलं, तर दुसरं दुकान बघा.