नळवाला सर्वांत शेवटी का?

तिसगावसारख्या गावातही आता खाली गाळे, वर घरे अशा इमारती बांधल्या जातात. स्लॅब पडल्यावर नळवाल्याला बोलावतात. तो काँक्रीट फोडतो. पुढे दुकानाच्या छतातून संडासाचे पाणी ठिबकले की दोष त्याचाच.

छत्रपती संभाजीनगरची (पूर्वीच्या औरंगाबादची) पाणचक्की पाहा. दर्गा, सराई आणि पिठाची चक्की एकाच आवारात. डोंगरातले पाणी खापरी नळांतून आणलेले, हौदाखालीच दालन. १८व्या शतकातल्या या कामात पाण्याचा विचार आधी झाला होता.

आपली कितीतरी मुले प्लंबिंग करतात. त्यांना आयटीआयला पाठवा, नकाशा वाचायला शिकवा. आणि बांधणाऱ्यांनो, स्लॅबआधीच पाइपांच्या जागा त्यांच्याकडून ठरवून घ्या. फोडाफोडीचा खर्च वाचेल आणि कारागिराची इज्जतही राहील.