"काय निरागस दिवस होते ते!" म्हणण्याआधी ती जाहिरात एकदा नीट वाचा

सध्या फीडवर जुन्या अमेरिकन कॉमिक्सच्या पानांचा पूर आलाय. जस्टिस लीग, ॲव्हेंजर्स, एक्स-मेनचे साठ-सत्तरच्या दशकातले अंक, आणि अंकांपेक्षा जास्त लाइक्स खाणाऱ्या त्यांतल्या जाहिराती. खाली कमेंट ठरलेली : "काय निरागस दिवस होते ते!"

मीही त्याच पंथातला. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून कव्हर फाटलेले अंक घेऊन वाचलेत. सी-मंकीजचं कूपन कापून कंपासपेटीत जपून ठेवलं होतं. एक डॉलर पाठवायचा होता. वडील म्हणाले, "डॉलर काय वाण्याकडे मिळतो का रे?" तेव्हा फार राग आला. आज वाटतं, परकीय चलनाच्या कडक नियमांनी आम्हा पोरांवर केलेला तो एकमेव उपकार.

कारण डबीतून काय यायचं, ते ऐका. चित्रात डोक्यावर मुकुटासारखे तुरे असलेलं हसरं कुटुंब, मागे राजवाडा. प्रत्यक्षात खाऱ्या पाण्यातले, नखाएवढेसुद्धा नसलेले झिंगे. एक्स-रे चष्म्यात तर पुठ्ठ्याच्या थरांमध्ये पक्ष्याचं पीस. पिसातून प्रकाश फाकतो, एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात, मधला गडद भाग म्हणजे म्हणे हाडं! किंमत एक डॉलर. १९६३ मध्ये ॲव्हेंजर्स आणि एक्स-मेन सुरू झाले तेव्हा अंक १२ सेंटला मिळायचा. म्हणजे एका पिसाच्या बदल्यात आठ अंक गेले.

या दोन्ही वस्तूंचा जनक एकच, हॅरॉल्ड फॉन ब्राउनहुट. गोऱ्या वंशाच्या श्रेष्ठत्वाचा प्रचार करणाऱ्या 'आर्यन नेशन्स'शी त्याचे संबंध असल्याचं १९८८ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने छापलं. वेगळे जन्मले म्हणून ज्यांचा द्वेष होतो त्यांची गोष्ट सांगणारे एक्स-मेन, आणि तसल्याच कॉमिक्सच्या पानांवरून पोरांचे डॉलर जाणार याच्या खिशात. सांगा, यात निरागस काय?

बरं, जाहिराती सोडा. ज्यांनी हे नायक घडवले त्यांचं काय झालं? सुपरमॅनशिवाय जस्टिस लीग नाही. त्याचे निर्माते जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी १९३८ मध्ये त्याचे हक्क १३० डॉलरला विकले. पुढे हलाखी आली, आणि १९७५ मध्ये गाजावाजा झाला तेव्हा कुठे कंपनीने पेन्शन दिली. ॲव्हेंजर्स, एक्स-मेन आणि फँटॅस्टिक फोर उभे करणाऱ्या जॅक कर्बीला स्वतःच्या हाताने काढलेली मूळ पानं परत मिळवायला ऐंशीच्या दशकात कंपनीशी भांडावं लागलं. त्याच्या वारसांशी तडजोड झाली २०१४ मध्ये. कर्बी गेला होता १९९४ मध्येच. "एकीने लढा" असं पानोपानी सांगणाऱ्या धंद्यात चित्रकार मात्र एकटाच पडला होता.

आता कुणीतरी म्हणेल, "एका डॉलरचं काय एवढं? पोरं फसली आणि शहाणी झाली." मान्य. त्या जाहिरातीला निदान चौकट होती. कूपन भरा, पाकीट आणा, तिकीट लावा, मग कित्येक आठवडे वाट बघा. तेवढ्यात निम्म्या पोरांची हौस फिटायची. आजच्या पोराच्या हातात फोन आहे. गेममधल्या नायकाचा नवा पोशाख, नशिबाची पेटी, लाडक्या यूट्यूबरने "सहज" दाखवलेलं खेळणं. जाहिरात कुठे संपते आणि गोष्ट कुठे सुरू होते, हे मोठ्यांनाही कळत नाही. आईच्या फोनचा पिन पोराला पाठ असतो. काम तमाम.

आणि हे रोखायला कुणी गेलं की काय होतं, तेही बघून ठेवा. १९७८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मुलांसाठीच्या टीव्ही जाहिरातींवर बंधनं सुचवली. कंपन्यांनी गहजब केला, आणि १९८० मध्ये तिथल्या संसदेने कायदा करून कमिशनचेच हात बांधले. आपल्याकडे २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये लिहिलंय की मुलांच्या भाबडेपणाचा फायदा जाहिरातीने घेऊ नये. कागदावर छान आहे. पण तुमच्या पोराच्या फोनवर आज सकाळपासून काय काय आलं, ते जरा स्क्रोल करून बघा.

माझं भांडण त्या अंकांशी नाही. ते आजही माझ्या कपाटात आहेत, आणि कुणी मागितले तर देणारही नाही! भांडण आहे "तेव्हा सगळं चांगलं होतं" या गोड खोटेपणाशी. तेव्हाची फसवणूक गोड वाटायला लागली, की आजची डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही.

तर पुढच्या वेळी सी-मंकीजचा फोटो टाकाल, तेव्हा डबीतून काय निघालं तेही लिहा. चित्र काढणाऱ्याचं नाव टाका. आणि जमलं तर आज रात्री पोराच्या शेजारी बसून विचारा, "हे काय विकतायत रे तुला?"

कमेंटमध्ये शिव्या चालतील. पण आधी पोराचा फोन बघून या.