दारातला खुळखुळा

माझ्या गाडीच्या डाव्या दारात कुणीतरी राहत होतं. निदान माझी तशी खात्री झाली होती. कोथरूड ते हिंजवडी या आमच्या रोजच्या वारीत चांदणी चौक ओलांडला की ते जागं व्हायचं. खड्डा आला की खुळखुळ, स्पीडब्रेकर आला की खटॅक! एफएम मोठा करून पाहिला, एसी फुल्ल केला. काही उपयोग नाही. शेजारी आई बसलेली असली की हमखास विचारायची, "अरे, या दारात चिल्लर टाकलीयेस का?"

गाडी सेकंडहँड. आठ वर्षं वापरलेली, पण 'सिंगल हँड, डॉक्टर ओन्ड' वगैरे. (सेकंडहँड गाड्यांचे मालक नेहमी डॉक्टरच कसे असतात, हा एक वेगळाच संशोधनाचा विषय!) शेवटी एका शनिवारी गल्लीतल्या गॅरेजवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी दारावर दोन टिचक्या मारल्या, कान लावला आणि म्हणाले, "पॅड खोलावं लागंल."

पॅड म्हणजे दाराच्या आतलं, आपण कोपर टेकवतो ते पॅनेल. कंपनीवाल्यांच्या भाषेत डोअर ट्रिम. मला वाटलं होतं, भिंतीसारखं ते गाडीतच बांधलेलं असणार. कसलं काय! काकांनी हँडलमागचा एक स्क्रू काढला, आर्मरेस्टखालचा दुसरा काढला, कडेत प्लास्टिकची पट्टी सरकवली आणि टक् टक् टक्... दोन मिनिटांत अख्खं पॅनेल त्यांच्या हातात. ते सगळं उभं असतं बोटाच्या पेराएवढ्या प्लास्टिकच्या क्लिपांवर. माझ्या दारातल्या निम्म्या क्लिपा तुटलेल्या होत्या. आधीच्या मालकाने हौसेने मोठे स्पीकर बसवताना पॅनेल ओढून काढलं असणार. तुटलेल्या क्लिपा आतच पडल्या होत्या. आमचं चिल्लर ते हेच.

पण काकांनी 'च्यक्' केलं ते दुसऱ्याच गोष्टीला. पॅनेलमागे प्लास्टिकची एक शीट असते, काळ्या चिकट गमने दाराच्या पत्र्याला चिकटवलेली. स्पीकरवाल्याने ती टराटरा फाडली होती. "साहेब, पावसाचं पाणी दारात शिरतंच," काका म्हणाले. "काचेच्या फटीतनं आत येतं, खालच्या भोकांतनं जातं. ही शीट ते आत येऊ देत नाही." म्हणजे पावसाळाभर माझ्या गाडीला जो ओल्या सॉक्सचा वास यायचा, त्यात माझ्या सॉक्सचा काहीच दोष नव्हता!

काकांनी नव्या क्लिपा लावल्या, शीट नीट चिकटवली, प्लास्टिकवर प्लास्टिक घासतं तिथे फेल्टची पट्टी मारली. बिल पाचशेच्या आत. मी इतका खूश झालो, की कॉलेजच्या मैत्रिणीला फोन करून सगळी कथा ऐकवली. ती चाकणला मोल्ड डिझाइन करते, म्हणजे असली पॅनेल ज्या साच्यात बनतात ते साचे. ती म्हणाली, "इतकी वर्षं मी काय करते ते तू आज पहिल्यांदा विचारतोयस." ठीक आहे. चूक मान्य.

मग रविवारी कॉफीवर शिकवणी झाली. गाडीतलं बहुतेक कडक प्लास्टिक म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. आपले डबे आणि लग्नाच्या हॉलमधल्या खुर्च्या ज्याच्या असतात, तेच. त्यात शंखजिऱ्याची पूड मिसळतात. हो, टाल्कम पावडरमधला टाल्क! त्याने पॅनेल ताठ राहतं, उन्हात कमी वाकतं. वितळलेलं प्लास्टिक प्रचंड दाबाने पोलादी साच्यात जातं आणि थंड होऊन बाहेर येतं. आणि त्यावर हात फिरवल्यावर लागणारा तो 'लेदर फील'? साच्याच्या पोलादावर अॅसिडने कोरलेली नक्षी असते ती. गाय-बैल यांचा दुरूनही संबंध नाही.

महाग गाडीत प्रकरण तीन थरांचं होतं : खाली कडक सांगाडा, मध्ये फोम, वर मऊ कातडी. पुढच्या वेळी शोरूममध्ये गेलात तर सेल्समनचं बोलणं चालू असताना हळूच बोटाने दाबत जा. दाराचा वरचा भाग मऊ लागेल. गुडघ्याच्या खाली गेलात की ठणठणीत कडक! जिथे हात आणि नजर पोचते तिथेच पैसा खर्च करायचा, हे त्यामागचं गणित. थोडक्यात, आपण रिझ्युमे लिहितो तसंच.

मला सगळ्यात आवडली ती अंबाडीची गोष्ट. आजी जिची भाजी करायची, गावाकडे जिच्या वाखाचे दोर वळतात, तीच अंबाडी. जगाच्या बाजारात तिचं नाव केनाफ. तिच्या धाग्यांची चटई प्लास्टिकच्या धाग्यांबरोबर तापवून साच्यात दाबली, की हलकं आणि मजबूत पॅनेल तयार होतं. बीएमडब्ल्यूने 2013 मध्ये आय-थ्री ही इलेक्ट्रिक गाडी आणली, तेव्हा दारांच्या पॅनेलमध्ये हे धागे झाकलेसुद्धा नाहीत, उलट मिरवले. भाकरीबरोबर अंबाडी खाताना आता मला उगाच श्रीमंत वाटतं.

आणखी एक. आपल्याकडे बेज रंगाच्या इंटिरिअरचं भारी वेड. पण डॅशबोर्डचा वरचा भाग बहुतेक वेळा गडद आणि मॅटच असतो. कारण तो फिका किंवा चकचकीत असेल, तर त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं आणि रस्ता धूसर दिसतो. त्यावर चकाकणारं पॉलिश मारणाऱ्यांनी (म्हणजे मी) हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

कॉफी संपत आली होती. बिल देता देता मी सहज म्हटलं, "डॅशबोर्डवर एक गणपती आहे. त्याची डबल टेप उन्हात सुटते. चांगली टेप कुठली गं?"

ती थांबली. "गणपती कुठे आहे? डावीकडे?"

"हो. आईच्या बरोबर समोर."

त्यानंतर ती जे बोलली, ते मस्करीचं नव्हतं. डावीकडच्या त्या पॅनेलखाली पॅसेंजरची एअरबॅग असते. तिथली कातडी मागच्या बाजूने मुद्दाम कमजोर केलेली असते. काही गाड्यांत लेसरने, वरून दिसणारसुद्धा नाही अशी. धडक बसली की ती त्याच रेषेवर फाटायला हवी. पापणी लवायच्या आत, 30-40 मिलिसेकंदांत, ताशी 300 किलोमीटरपर्यंतच्या वेगाने बॅग बाहेर येते. तिच्या तोंडावर जे चिकटवलेलं असेल, ते त्याच वेगाने समोरच्या माणसावर जातं.

टेपचंही तेच. अमेरिकेत अॅरिझोनामध्ये 2018 मध्ये कडक उन्हाळ्यात मोजमाप केलं होतं. उन्हात तासभर उभ्या केलेल्या गाड्यांच्या डॅशबोर्डचं तापमान सरासरी 69 अंश सेल्सियस भरलं. तिथे कुठली टेप धरणार?

पुढचं सांगायला हवं. तो गणपती साधा नाही. पितळेचा, मुठीएवढा. बाबांच्या प्रीमियर पद्मिनीतला. ती गाडी होती तेव्हा दाराच्या पॅडला रेक्झिन चढवलेला हार्डबोर्ड असायचा आणि एअरबॅग हा शब्दही आमच्या घरात कुणी ऐकला नव्हता. तिथे तो सुखात होता. बाबा गेले, गाडी गेली, गणपती राहिला. मी ही गाडी घेतली त्या दिवशी आईने स्वतःच्या हाताने तो तिथे बसवला होता. आपल्याकडे 1 एप्रिल 2021 पासून नव्या मॉडेल्सना पुढच्या दोन्ही सीटसाठी एअरबॅग सक्तीची झाली. म्हणजे आता कितीतरी घरांत हाच प्रश्न आहे : देवाची जागा आणि एअरबॅगची जागा एकच.

आईला सांगायचं कसं? दोन दिवस विषय टाळला. ऑफिसला जाताना गणपतीकडे बघितलं की पोटात गोळा यायचा. तिसऱ्या दिवशी चहा घेताना सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं, रागवेल, रडेल, 'देव कुणाला मारतो का' म्हणेल. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "हे असते तर त्यांनीच आधी काढला असता. सुटं सामान नीट बांधल्याशिवाय गाडी हलवायचे नाहीत ते."

गणपती आता देवघरात आहे. लांब निघायचं असलं, की आई तिथे जरा जास्त वेळ उभी राहते. मी खाली हॉर्न वाजवत नाही.

तुमच्यासाठी इतकंच : डॅशबोर्डवर डावीकडे एअरबॅग लिहिलंय का, आजच बघा आणि त्यावर काही असेल तर काढा. सीटच्या कडेला एअरबॅगची छोटी पट्टी शिवलेली दिसली, तर साधं सीट कव्हर चढवू नका. ती बॅग शिवणीतून बाहेर येते. आणि स्पीकर बदलायचे असतील, तर दाराच्या शीटवर डोळा ठेवा.

माझ्या दारातला खुळखुळा गेला. डॅशबोर्डवर मात्र डबल टेपचा एक गोल डाग उरलाय. मैत्रीण म्हणते, एका लिक्विडने झटक्यात जाईल.

म्हटलं, राहू दे.